घरपट्टी कमी करण्याच्या रूढ पद्धती : नवनिर्वाचित नगरसेवकांस खुले पत्र

प्रति,
सर्व माननीय नगरसेवक व नगरसेविका
विषय : घरपट्टी कमी करणेबाबत

घरपट्टी कमी करण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे ती कमी करणार असे जाहीर करणे. या पद्धतीला एक माईक आणि जवळ आलेली निवडणूक एवढेच साहित्य लागते. माननीयांनी ती नुकतीच यशस्वीपणे वापरलेली असल्यामुळे तिचे विवेचन येथे लांबवलेले नाही. जाहीर केल्यानंतर पुढे काय होते, आणि खरोखरच कमी करायची वेळ आली तर काय हाताशी असते, एवढाच या पत्राचा विषय आहे.

प्रथम मूळ वस्तू. राज्यातील बहुतेक महापालिका करयोग्य मूल्यावर घरपट्टी लावतात. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज करायचा, दुरुस्तीचे 10 टक्के वजा करायचे आणि उरलेल्या आकड्यावर कर बसवायचा. मुंबईने 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली; तेथे रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यातला, दर धरतात. त्या नियमांत भूखंडावर पुढे कधीतरी होऊ शकणाऱ्या बांधकामाचाही विचार होता, म्हणजे न उभ्या राहिलेल्या मजल्यांचीही घरपट्टी. ते नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. बिलावर एक कर नसतो, एक कुटुंब असते : सर्वसाधारण कर, पथकर, वृक्ष उपकर, अग्निशमन उपकर, जललाभ कर, मलप्रवाह लाभकर, साफसफाईची पट्टी, महापालिकेचा शिक्षण उपकर, आणि शेवटी राज्य शासनाचा शिक्षण कर, जो महापालिका वसूल करून पोहोचता करते. दुकानगाळा असेल तर रोजगार हमीही. शिव्या मात्र सगळ्यांच्या वाट्याच्या एकट्या महापालिकेला.

कर कमी करण्याची दुसरी पद्धत माफीची. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर संपूर्ण माफ झाला. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा मिळाला हे खरेच, आणि त्याबद्दल तक्रार नाही. फक्त ही घोषणा राज्य सरकारची आणि खड्डा पडला तो महापालिकेच्या तिजोरीत. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे करशास्त्रातले बहुधा एकमेव तत्त्व आहे ज्यावर सर्व पक्षांचे एकमत आढळते.

तिसरी पद्धत सवलत देणे, काढून घेणे आणि परत देणे. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला 1970 पासून 40 टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य शासनाने मूळ ठराव रद्द केला आणि अनेकांची बिले एका रात्रीत फुगली. पुढे 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तीच सवलत परत दिली आणि तिचे श्रेय घेणारे फलक चौकाचौकांत लागले. ज्यांची सवलत गेली होती त्यांना पीटी-3 नावाचा अर्ज भरून, आपण आपल्याच घरात राहतो हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले. एकच वस्तू दोनदा भेट देण्याचे असे उदाहरण लग्नाच्या आहेरातही सहसा सापडत नाही.

चौथी पद्धत पुढे ढकलण्याची. नगरपरिषदांमध्ये दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायची असते. ती निवडणुकीच्या वर्षात आली की स्थगिती येते, आणि थांबलेली वाढ पुढे एकाच बिलात अंगावर येते. आयुक्त बदलणे ही याच पद्धतीची प्रगत आवृत्ती. नाशिकमध्ये 2018 साली आयुक्त तुकाराम मुंढे यांनी मूल्यांकनाचे दर वाढवले. प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची बदली झाली.

आता पाचवी पद्धत, जिच्यासाठी हे पत्र मुळात लिहिले गेले : अभय योजना.

थकलेल्या घरपट्टीवर महापालिका दरमहा 2 टक्के शास्ती लावते. म्हणजे वर्षाला 24 टक्के. सरळ हिशोबाने चार वर्षांत शास्ती जवळजवळ मुद्दलाच्या बरोबरीला येते. इतके कडक व्याज सावकारालाही जाहीरपणे सांगायला संकोच वाटेल. परंतु ही शास्ती लावण्यासाठी असते, घेण्यासाठी नव्हे. थकबाकीचा डोंगर पुरेसा उंच झाला की योजना येते आणि शास्तीत 75 ते 80 टक्के सूट मिळते. पहिल्या योजनेच्या वेळी ही शेवटची संधी असते. दुसऱ्या योजनेच्या वेळीही असते. ज्याला हे वेळापत्रक कळले तो घरपट्टी भरत नाही, वाट पाहतो. पैसे इतरत्र गुंतवतो आणि सूट मिळाली की उरलेले हसत भरतो. वेळेवर भरणाऱ्याला याच काळात सर्वसाधारण करात 5-10 टक्क्यांची सवलत मिळते आणि पावतीच्या मागे शहर स्वच्छ ठेवण्याचे आवाहन.

एका महापालिकेत, जिचे नाव येथे दिलेले नाही, या पद्धतीचा प्रयोग एका निवृत्त शिक्षिकेवर झाला. त्या पत्रलेखकाच्या सासूबाई. सदनिका त्यांच्या नावावर, सोबत राहतात लेक आणि जावई, दारावर पाटी जावयाच्या आडनावाची. सर्वेक्षण करणाऱ्या खासगी एजन्सीचा मुलगा टॅब घेऊन दुपारी आला, पाटीचा फोटो काढला, मालकाचे आडनाव वेगळे दिसल्यावर ‘भाडेकरू’ या रकान्यावर बोट ठेवले आणि वरच्या मजल्यावर गेला. दार वाजवण्याचे काम बहुधा निविदेत नसावे. पुढच्या बिलात घर भाड्याचे झाले, दर वाढला, फरक मागील तारखेपासून लागला आणि त्या फरकावर शास्तीही चढली, म्हणजे जी रक्कम कोणी कधी मागितलीच नव्हती ती वेळेवर न भरल्याबद्दल.

क्षेत्रीय कार्यालयातील सुनावणी पुढीलप्रमाणे झाली. वीज बिल, आधार, रेशन कार्ड, सोसायटीचे पत्र आणि लेकीचा जन्मदाखला असा गठ्ठा टेबलावर ठेवला गेला. साहेबांनी तो उलटसुलट केला. जावई सासूकडे राहतो हे त्यांना कायद्यापेक्षा जगरहाटीच्या दृष्टीने पटेना. “मॅडम, भाडेकरार नाही म्हणता, मग भाडेकरार नसल्याचा काही कागद आहे का?” असे त्यांनी विचारले. नसलेल्या कराराचा कागद कोणते कार्यालय देते, याची माहिती त्यांच्याकडेही नव्हती. दुरुस्ती होईल, परंतु सिस्टीममध्ये रक्कम दिसते आहे तोवर शास्ती चालू राहील. तेव्हा आधी भरा, मग बघू, असा सल्ला मिळाला. हा सल्ला कायद्याशी विसंगतही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 प्रमाणे न्यायालयात अपील करायचे तरी वादातली रक्कम आधी जमा करावी लागते.

सासूबाईंनी सगळी रक्कम भरली. शास्तीसकट. डोक्यावर सरकारी देणे असताना त्यांना झोप लागत नाही. त्यानंतर काही महिन्यांनी अभय योजना जाहीर झाली. भरलेल्या शास्तीतील 75 टक्के परत मिळतील का, असे खिडकीवर विचारले तेव्हा उत्तर आले : “ज्यांनी भरलंय त्यांना योजना लागू नाही.”

हे वाक्य माननीयांनी सभागृहात एकदा मोठ्याने वाचावे. ज्यांनी भरले त्यांना लागू नाही! मग कोणाला लागू आहे? मोक्याच्या रस्त्यावरच्या व्यापारी संकुलाला, ज्याचा मालक वकील लावून दहा वर्षे तारखा घेतो? की हॉल, लॉन आणि पार्किंग असलेल्या त्या मंगल कार्यालयाला, ज्याच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर माननीयांपैकीच कोणाचे तरी नाव कोरलेले आहे? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण अपवाद सांगण्यासाठी होती. ती वसुली विभागाची कार्यपद्धती कधी झाली? सत्तरीच्या बाईने तीन मजले चढून ‘मी माझ्या घरात राहते’ हे सिद्ध करायचे, आणि थकबाकीदाराच्या दारात ढोल-ताशा वाजवून फोटो छापून आणायचा. वाजवायचाच असेल तर तो क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात वाजवावा, निदान आतले जागे होतील.

विषयाला धरून पुढे. माननीयांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. महापालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर आता हा एकच राहिला. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना माफ झाला आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटीत उरलेसुरले विरघळले. मुंबईची जकात त्याच दिवशी संपली. तेव्हापासून महापालिका नुकसानभरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 च्या अनुदानाला अट घातली की मालमत्ता कराचे किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वेगाने वाढवत न्या. म्हणजे दिल्ली म्हणते वाढवा, मुंबई म्हणते माफ करा, आणि मतदार नगरसेवकाला जिन्यात गाठून विचारतो, माझे बिल इतके कसे. नगरसेवकाच्या हातात फक्त दर ठरवण्याची सभा असते. आयुक्त शासनाचा, माफीचा कायदा शासनाचा, ठराव निलंबित करण्याचा अधिकारही शासनाचा. शिवाय 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत पुण्या-मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळातल्या नोटिशींचा जाब आता नव्या माणसांना द्यावा लागणार आहे. पाच वर्षे चहाच्या टपरीवर या शिव्या खाणे ही सोपी नोकरी नव्हे, एवढे कबूल करायला हरकत नाही.

तरीही कर खरोखर कमी करता येतो. 2016-17 च्या आर्थिक पाहणीत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बंगळुरू आणि जयपूरचा हिशोब मांडला होता. या शहरांत मिळू शकणाऱ्या मालमत्ता करापैकी 5 ते 20 टक्क्यांपेक्षा जास्त गोळा होत नाही, असे त्यात निघाले. आपल्याकडे चित्र फार वेगळे असेल असे मानायला कारण नाही. नोंदच नसलेल्या इमारती, निवासी म्हणून नोंदलेली दुकाने, गच्चीवर चढवलेली हॉटेले यांची आकारणी झाली तर उरलेल्यांचा दर उतरवूनही तिजोरी तेवढीच भरते. सर्वेक्षण हवेच, पण सासूबाईंच्या पाटीपुढे थांबलेले टॅब गच्चीवरही चढले पाहिजे.

दुसरे येणे सरकारचे. केंद्राच्या मालमत्तेला राज्यघटनेच्या कलम 285 मुळे कर लागत नाही, पण सेवाशुल्क लागते. 2009 च्या राजकोट महापालिकेच्या प्रकरणानंतर ते किती हेही ठरलेले आहे. मिळणाऱ्या सेवांप्रमाणे मालमत्ता कराच्या 75, 50 किंवा 33.33 टक्के. मोबाइल मनोऱ्यांवर कर घेता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच सांगितले आहे. या वसुलीसाठी ढोल लागत नाही, पाठपुराव्याचे पत्र लागते. ते पाठवायला कोणी मतदार मागे लागत नाही, ही अडचण आहे.

जुन्या आणि नव्या घरांच्या करातील तफावत हा नाजूक भाग. करयोग्य मूल्य एकदा ठरले की बहुतेक वेळा तिथेच गोठते, म्हणून शहराच्या मध्यवर्ती भागातल्या जुन्या वाड्याची घरपट्टी हद्दीवरच्या नव्या दोन खोल्यांपेक्षा कमी असू शकते. पिण्याचे पाणी मात्र हद्दीवर टँकरने येते. पुण्यात समाविष्ट झालेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी अखेर वेगळी नगरपरिषद पत्करली, त्यामागे कराचे ओझे हे एक कारण होतेच. जुन्याचे हळूहळू वाढवून नव्याचे कमी करणे न्यायाचे आहे, परंतु जुन्या वाड्यात मतदार जास्त असतात.

चुकीच्या बिलाच्या दुरुस्तीला मुदत हवी. हरकत घेतल्यापासून 60 दिवसांत निर्णय झाला नाही तर वाढीव रक्कम आणि तिच्यावरची शास्ती आपोआप थांबावी, चूक महापालिकेची निघाली तर घेतलेले पैसे त्याच 2 टक्के दराने परत मिळावेत. आणि पुढची अभय योजना आणायचीच असेल तर तीत मागील चार वर्षे वेळेवर भरणाऱ्यालाही थकबाकीदाराला मिळणाऱ्या सुटीएवढीच रक्कम पुढच्या बिलात वजा मिळावी. दोन्हीसाठी राज्य शासनाची मंजुरी लागली, तर मागणीचा ठराव तरी सभागृहाला करता येतो.

अधिनियमाच्या कलम 99 प्रमाणे पुढील वर्षाच्या करांचे दर महापालिकेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. त्या सभेच्या कार्यपत्रिकेत वरील ठराव घेण्यात यावा. सूचक आणि अनुमोदक यांची जागा कोरी सोडली आहे.