कर्जदाराने जमीनदार कसे व्हावे

प्रस्तुत मार्गदर्शिका ही, ज्यांच्या हाती अभियांत्रिकीची पदवी आणि डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता पाठोपाठ पडला, आणि तरीही ज्यांनी रात्री साडेअकराला घरच्या ग्रुपवर ‘मी रिअल इस्टेटमध्ये उतरतोय’ असे जाहीर केले, अशा समस्त तरुणांसाठी सिद्ध करण्यात आली आहे. ती कोणा एका व्यक्तीस उद्देशून नाही. आपण मेकॅनिकलचे, मूळचे कराडचे, सध्या हिंजवडीत चौघे मिळून एका फ्लॅटमध्ये, आणि आपला एक मामा पुण्यात वकिली करतो, अशी साम्ये कोणास आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा. मामाने त्या ग्रुपवर काहीच लिहिले नाही, ही मात्र संमती समजू नये.

कलम १ : गुरू.
या विद्येचा गुरू मोबाइलमध्ये असतो. तो गाडी चालवता चालवता बोलतो आणि सीटबेल्ट लावत नाही. त्याचा मुख्य सिद्धान्त असा, की घर बँकेच्या पैशाने घ्यायचे, हप्ता भाडेकरूने भरायचा आणि आपण फक्त श्रीमंत व्हायचे. आता गणित मांडू. वाकडमधला ६० लाखांचा तयार फ्लॅट धरा. त्यावर बँक ८० टक्के, म्हणजे ४८ लाख देईल. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ४१ हजार ६०० रुपये बसतो. भाडे २० हजार आले असे समजू. त्यातून घरपट्टी तुम्ही भरायची, सोसायटीचा मेंटेनन्स बहुधा तुम्हीच, आणि एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंतचे महिनेही तुमचेच. हप्त्याचा उरलेला निम्म्याहून मोठा भाग कोणी भरायचा, हे गुरू त्याच्या कोर्समध्ये शिकवतो. कोर्सला फी आहे.

हे झाले ४८ लाखांचे. वरचे १२ लाख खिशातले. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. कर्ज ठरवताना बँक या दोन्ही रकमा मोजत नाही. इमारत अजून उभी राहत असेल तर वर ५ टक्के जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो नाही, म्हणून तयार घर महाग वाटले तरी बेरीज करून पाहावी. खरेदीदार स्त्री असल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत असते. ज्या मुलाने आईला आठवड्यात एक फोन केलेला नाही, त्याच्याही मनात ही माहिती कळताक्षणी मातृभक्ती दाटून येते.

कलम २ : पात्रता.
उमेदवाराचा हातात पडणारा पगार ४२ हजार, शैक्षणिक कर्ज १२ लाख, व्याज साडेदहा टक्के, मुदत १० वर्षे, हप्ता सुमारे १६ हजार २००. (हे आकडे कोणाचे आहेत हे विचारू नये.) शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो, म्हणून त्या वर्षात उमेदवार स्वतःला कर्जमुक्त समजून मोटारसायकल घेतो. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चालूच असते.

आता बँकेचा ठोकताळा असा, की सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्यात बसावेत. निम्मे म्हणजे २१ हजार. त्यातून १६ हजार २०० गेले, उरले ४ हजार ८००, आणि मोटारसायकलचा हप्ता मी दयाळूपणे विसरतो. ४ हजार ८०० रुपयांच्या हप्त्यावर साडेपाच लाखांचे गृहकर्ज बसते. साडेपाच लाखांत पुणे शहरात तुम्हांला फार तर एक पार्किंग मिळेल. आणि स्टिल्टखालचे पार्किंग बिल्डरला वेगळे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगून ठेवले आहे. तेव्हा तेही नाही.

‘पण घर घेतलं की टॅक्स वाचतो.’ कुठला टॅक्स? नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत जाऊन कर शून्य होतो. जो कर तुम्हांला लागतच नाही, तो वाचवण्यासाठी २० वर्षे हप्ते भरणे ही त्यागाची फार वरची पायरी झाली.

कलम ३ : ‘ऑफर फक्त रविवारपर्यंत’ असे सांगितल्यास सोमवारी जावे.

कलम ४ : सॅम्पल फ्लॅट.
यातील पलंग मुद्दाम आखूड करवून घेतलेला असू शकतो. पाहण्यास जाताना टेप न्यावी आणि पलंगावर आडवे होऊन पाहावे; सेल्समनला वाईट वाटले तर वाटू द्यावे. भाव कार्पेट एरियावर विचारावा. महारेराचा नंबर वेबसाइटवर घालून ताबा देण्याची तारीख स्वतः वाचावी आणि ती आजवर कितीदा पुढे गेली तेही वाचावे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. हे वाक्य काउंटरवर शांतपणे म्हणून दाखवल्यास समोरून चहा येणे बंद होते.

कलम ५ : प्लॉट.
फ्लॅट परवडत नाही असे कळल्यावर उमेदवार जमिनीकडे वळतो, आणि खरा विषय इथे सुरू होतो. पुण्याचे नवे विमानतळ आधी चाकण-खेडच्या बाजूला उतरणार होते, २०१६ पासून ते पुरंदरला उतरत आहे. ते जिथे जाईल तिथे ‘विमानतळापासून दहा मिनिटे’ असे फलक त्याच्या आधी पोचतात. भाव गुंठ्यात असतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. माहितीपत्रकावर कारंजे असते. जागेवर हरभरा असतो.

या टप्प्यावर सातबारा मागावा. फोटो नव्हे, सातबारा. आणि तो आल्यावर क्षेत्रफळ बघून मिटवू नये, जे सगळे करतात. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते पाहा. वर्ग २ असेल तर विकायला सरकारची परवानगी लागते, नजराणा लागतो, आणि ‘ते आम्ही करून घेतो साहेब’ या वाक्यावर काहींची हयात गेली आहे. मग ‘इतर हक्क’ हा रकाना. बोजा तिथे बसलेला असतो, कूळ तिथे असते. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. म्हणून फेरफार काढायचे, एकामागून एक, मागे मागे, निदान ३० वर्षे. कोण मेला, वारस कोण लागले, कोणाचे नाव गळले. गळलेले नाव बहुधा बहिणीचे असते.

शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच घेता येते. आपल्या घरात शेतकरी म्हणावा असा शेवटचा माणूस म्हणजे तुझे पणजोबा, आणि त्यांचा सातबारा त्यांच्याबरोबरच संपला. एनए झाली आहे म्हणतात? आदेश बघ. आदेशाला क्रमांक असतो, तारीख असते, सोबत मंजूर रेखांकन असते. ‘एनए प्रपोज्ड’ हा प्रकार कायद्यात नाही, फक्त माहितीपत्रकात आहे. ५०० चौरस मीटरच्या वरची प्लॉटिंगची योजना असेल तर तिलाही महारेराचा नंबर लागतो, तो कुठे आहे?

आणि ते जे एजंटने तुला सांगितले, की तुकडेबंदीमुळे एक गुंठा स्वतंत्र होत नाही, म्हणून अकरा जणांच्या नावे एकच खरेदीखत करू. १९४७ चा कायदा आहे तो. अलीकडे त्यात काही सवलती आल्या, पण त्या कोणत्या गटाला लागू हे एजंट ठरवत नाही. एका सातबाऱ्यावर अकरा अनोळखी माणसे आयुष्यभरासाठी एकत्र येतात, ज्यांच्यात कोणाचा कोपरा कुठला हे फक्त चुन्याच्या रेघेला ठाऊक असते, आणि चुना पहिल्या पावसात जातो. मग एकाला विकायचे असले की बाकी दहा जण शोधायचे. माझ्या कपाटात अशा फायली आहेत. त्यांतल्या काहींचे मूळ पक्षकार हयात नाहीत.

(मार्गदर्शिकेचा सूर जरा सुटला. वाचकांनी क्षमा करावी.)

कलम ५ (अ) : जमीन पाहायला जुलैत जावे. उन्हाळ्यात सगळीच जमीन सपाट आणि कोरडी असते. रस्ता नकाशात आहे की पायाखाली, हे तेव्हाच कळते.

कलम ६ : हक्कसोड.
गळलेल्या बहिणीचा विषय निघालाच आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, म्हणून व्यवहारात बहिणींच्या सह्या लागतात, आणि त्या नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर हव्यात. कराडच्या घराचे जेव्हा झाले, तेव्हा ते पत्र मीच लिहिले होते. तुझ्या आईने वाचलेही नाही. ‘तू लिहिलंयस ना, मग काय वाचायचं,’ म्हणाली आणि सही करून भाजी आणायला गेली. वकील म्हणून सांगतो, असे कोणीही कधीही करू नये.

कलम ७ : तारण.
साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. त्या वेळी तुझ्या वडिलांच्या नावावर काही नव्हते. तेव्हा खरेदीखत, इंडेक्स टू आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट अशी एका सदनिकेची मूळ कागदपत्रे बँकेत गेली आणि अजून तिथेच आहेत. सदनिका सिंहगड रोडला आहे. दोन बीएचके, पूर्वेला गॅलरी, लिफ्ट अधूनमधून. मी तिथे राहतो.

तात्पर्य, उमेदवार ज्या क्षेत्रात उतरू पाहतो आहे, त्यात तो चार वर्षांपूर्वीच उतरला आहे. स्थावर मिळकत गुंतलेली आहे, कर्ज बँकेचे आहे, आणि मिळकत दुसऱ्याची आहे. गुरूला याहून वेगळे काय हवे होते?

कलम ८ : मग करायचे काय.
कर्जाचा व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लागत नाही. बोनस आला की तिथे टाक. साडेदहा टक्के वाचतात, तेही हमखास, आणि कुठली जमीन तुला असे लिहून देत नाही. हप्ता एकदाही चुकवू नकोस, नाहीतर सिबिल पडेल आणि उद्या खरेच घर घ्यायला गेलास की तिथले कोणीही तुझ्याशी मामासारखे बोलणार नाही. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेव. एवढे करूनही बोटे शिवशिवतच असतील तर आरईआयटी आहेत: मोठमोठ्या ऑफिस इमारतींच्या भाड्यातला वाटा शेअरसारखा बाजारात मिळतो, आणि २०२१ पासून एकेक युनिटही घेता येते, काहीशे रुपयांत. ज्या इमारतीत तू रोज कार्ड दाखवून आत जातोस, तशा एखाद्या इमारतीचा जमीनदार हो. लिफ्टमध्ये मॅनेजरशेजारी उभा राहशील तेव्हा बरे वाटेल.

कलम ९ : प्रात्यक्षिक.
तो पुरंदरचा गट नंबर तुझ्या डोक्यातून जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या वयात माझ्याही डोक्यात मुळशीतला एक होता. तेव्हा शनिवारी माझ्या ऑफिसात ये. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला सातबारा आणू नकोस. महाभूमीवर डिजिटल सहीचा १५ रुपयांना मिळतो, तो काढ. ८अ काढ. फेरफार जेवढे ऑनलाइन दिसतील तेवढे काढ, उरलेले जुने मोडीत निघाले तर माझ्याकडे वाचणारा माणूस आहे, त्याला चहाबरोबर क्रीमरोल लागतो. इंडेक्स टू आपण दोघे मिळून पाहू. सर्च रिपोर्टची माझी फी तुला माफ.

ते १५ रुपये मात्र तूच भर.