साथमुक्त वाशिम

वाशिम जिल्ह्यात मांजरांची साथ येत नाही, याबद्दल सरकारचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशींसोबत कुत्रे, ससे, फार काय हत्तीही मोजले. मांजर तेवढे वगळले. जे कागदावरच नाही, ते आजारी पडेल कसे? तेव्हा कारंज्यात एखाद्या घरातली तिन्ही मांजरे एकदम ओकू लागली, तर तो एकाच वाटीतून पसरलेला विषाणू नव्हे, मालकाचा भ्रम समजावा. अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेपर्यंत पिशवी घेऊन धावणे तर निव्वळ हौस.

तरीही उपचार हवेच असतील, तर तिघांची नोंद ससे म्हणून करावी. मिशा आहेतच. डॉक्टरांसमोर म्याव न करण्याची जबाबदारी मात्र रुग्णांची राहील.