जिंकून छळणाऱ्या कोचना अनावृत पत्र

श्री. कर्क फेरेंट्झ,
हेड कोच, आयोवा विद्यापीठ फुटबॉल संघ,
किनिक स्टेडियम, आयोवा सिटी.

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम अभिनंदन. १३ सप्टेंबर २०२५ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या संघाला ४७–७ असं लोळवून तुम्ही ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकणारे कोच झालात. ओहायो स्टेटच्या वुडी हेझ यांचा २०५ विजयांचा विक्रम मोडीत निघाला. १९९९ पासून तुम्ही त्याच खुर्चीत आहात, करार २०२९ पर्यंत आहे आणि पगार वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर. त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या. फक्त आपल्या नावापुढे ४७ पाहिल्यावर पहिला संशय गुणफलकावरच आला.

तुम्ही हरता अशी माझी तक्रार असती, तर फार सोपं झालं असतं. हरणाऱ्या कोचला चाहते चार शिव्या घालतात, विद्यापीठ त्याला नारळ देतं, नवा माणूस येतो आणि लोक पुन्हा आशेला लागतात. तुम्ही मात्र जिंकता. दहा-सात असं जिंकता, तेरा-दहा असं जिंकता, आणि कुणी तोंड उघडलंच तर विजयांचा तक्ता पुढे करता. जिंकणाऱ्या माणसाला बोल लावणारा चाहता कृतघ्न ठरतो. या एका सोयीवर तुम्ही किती वर्षं काढलीत, त्याचा हा हिशेब.

पत्र अनावृत असल्याने मराठी वाचकांसाठी खेळाचे नियम दोन ओळींत सांगतो. तुम्ही त्या वगळल्यात तरी चालेल, वाचल्यात तर उत्तमच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं; जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांच्या हवाली करायचा, त्याला पंट म्हणतात. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, हे आक्रमणाचा म्होरक्या म्हणजे क्वार्टरबॅक दोन-तीन सेकंदांत ठरवतो. जगभरात पंट हा नाइलाज समजला जातो. आयोवात ते धोरण आहे.

३ सप्टेंबर २०२२ची दुपार घ्या. समोर साउथ डकोटा स्टेट, म्हणजे एक पायरी खालच्या विभागातला संघ. आपण ७–३ असे जिंकलो. आकडा पाहून कुणालाही वाटेल की एक टचडाउन झालं (सहा गुण) आणि त्यावरची किक बसली (एक). कसलं काय! लाथेने मारलेल्या एका फील्ड गोलचे तीन गुण. उरलेले चार आपल्या बचावफळीने समोरच्यांना त्यांच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, दोनदा आडवं करून मिळवले. आक्रमण पाहुण्यासारखं मैदानात यायचं, टेकल्यासारखं करायचं आणि चहा यायच्या आत उठायचं. मग ऑस्ट्रेलियाहून आलेला आपला पंटर टॉरी टेलर यायचा. त्या दिवशी त्याने दहा पंट मारले आणि खरा सामनावीर तोच होता.

या आक्रमणाचे शिल्पकार कोण? तर आपले चिरंजीव ब्रायन. २०१२ला ते तुमच्या संघात आले, २०१७ला आक्रमणाचे कोऑर्डिनेटर झाले. आता विद्यापीठाचा नियम असा की नातेवाइकाने नातेवाइकाच्या हाताखाली काम करू नये. नियम अगदी काटेकोर पाळला गेला: कागदोपत्री ब्रायन यांचे साहेब क्रीडासंचालक. संघ वडिलांचा, बैठक वडिलांची, डावपेचांवर शेवटचा शब्द वडिलांचा, फक्त मूल्यमापनाच्या कागदावर सही दुसऱ्याची. घराणेशाही मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. पण आमच्याकडे चिरंजीवांना निदान निवडणुकीला तरी उभं राहावं लागतं.

२०२२च्या सुरुवातीला क्वार्टरबॅक घडवणारे जुने प्रशिक्षक केन ओकीफ बाजूला झाले. ती जबाबदारीही ब्रायन यांच्याच पदरात पडली. ब्रायन स्वतः आयोवासाठी खेळले खरे, पण ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून धक्के खाणाऱ्यांत. चेंडू फेकायचा अनुभव नसल्याने त्या विषयात त्यांचे काही पूर्वग्रहही नसावेत, अशी मी समजूत घालून घेतली. मोसमाअखेर एकूण यार्डांच्या यादीत १३१ संघांत आपला नंबर १३०वा लागला आणि सामन्यामागे सरासरी १७.७ गुण पडले.

दुसऱ्या कुणाचा कोऑर्डिनेटर असता, तर सामान गोळा करायला लागला असता. आपला तो बाब्या. २०२३च्या फेब्रुवारीत करारात दुरुस्ती झाली. पगार ९ लाखांवरून साडेआठ लाख डॉलर, आणि अट अशी की सामन्यामागे सरासरी २५ गुण झाले पाहिजेत व किमान सात सामने जिंकले पाहिजेत. मेख पुढेच आहे: बचावफळीने पळवलेल्या चेंडूंचे गुणही याच बेरजेत धरायचे होते. म्हणजे पेपर मुलाचा आणि उत्तरं शेजारच्या बाकावरून लिहून आली तरी चालतील. तेरा सामने गुणिले २५ बरोबर ३२५, हे आयोवातल्या शाळकरी पोरालाही पाठ झालं. दर शनिवारी लोक गुणफलक बघायचे आणि मनातल्या मनात उरलेली उधारी मोजायचे.

आता क्वार्टरबॅकांकडे वळू, कारण तुमच्या निष्ठेची किंमत या पोरांनी मोजली. २२ ऑक्टोबर २०२२ला ओहायो स्टेटने आपल्याला ५४–१० झोडपलं. त्या दहांत आपलं जे एक टचडाउन होतं तेही बचावफळीचं. आपला क्वार्टरबॅक स्पेन्सर पेट्रस याला तुम्ही मध्यंतरानंतर बसवलंत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उभं केलंत. तो वाईट मुलगा नव्हता, कष्टाळू होता. पण डावपेच आखणारे कुणाला दिसत नव्हते, चेंडू हातात असलेला पेट्रस सगळ्यांना दिसत होता, म्हणून लोकांची हुर्यो त्याच्या वाट्याला आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

मग तुम्ही बाहेरून क्वार्टरबॅक आणायला सुरुवात केलीत, आणि त्यातही तुमची एक खास पद्धत आहे. केड मॅकनमारा मिशिगनचा. २०२१च्या बिग टेन अंतिम सामन्यात त्याच्याच मिशिगनने आपल्याला ४२–३ हरवलं होतं. ब्रेंडन सलिव्हन नॉर्थवेस्टर्नचा. आपल्याशी खेळून झाल्यावर आपल्याकडे आला. आणि २०२५मध्ये आलेला मार्क ग्रोनोव्स्की हा त्या ७–३च्या सामन्यातला समोरचा क्वार्टरबॅक! त्या दिवशी आपल्याकडून हरून तो परत गेला आणि त्याच मोसमात, शिवाय पुढच्याही मोसमात, त्याच्या संघाने आपल्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. आपल्याविरुद्ध एकदा खेळून दाखवणं हीच बहुधा तुमची मुलाखत असावी. स्वतःच्या अंगणात क्वार्टरबॅक घडवण्यापेक्षा समोर आला तो उचलणं स्वस्त पडतं, हे मान्य.

मॅकनमाराचा गुडघा ३० सप्टेंबर २०२३ला गेला. यात तुमचा दोष नाही. त्यानंतर मात्र डीकन हिलच्या निम्म्याहून कमी फेकी सहकाऱ्यांच्या हाती लागत असताना तुम्ही आठवड्यामागून आठवडे त्यालाच पुढे केलंत. पहिल्या वर्षाच्या मार्को लायनेझचं तोंड लोकांना दिसलं ते मोसमाच्या शेवटच्या, चौदाव्या सामन्यात. पदरी पडलं पवित्र झालं ही म्हण लग्नाला ठीक, क्वार्टरबॅकला नाही.

२०२३च्या ऑक्टोबरमधला एक आठवडा तर कोरून ठेवावा असा. १५ तारखेला किनिकच्या गवतावर बास्केटबॉलचं कोर्ट अंथरलं गेलं. आपल्याच विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क आणि मंडळींचा डीपॉल विद्यापीठाशी प्रदर्शनीय सामना होता. उघड्यावर, वाऱ्यात, ५५,६४६ प्रेक्षकांसमोर मुलींनी ९४ गुण केले, त्यातले ३४ एकट्या क्लार्कचे. सहा दिवसांनी त्याच जागी तुमचा संघ मिनेसोटाविरुद्ध उतरला आणि दहा गुण करून थांबला. उत्तरार्धात आक्रमण एकूण किती सरकलं? १२ यार्ड. वधूवर व्यासपीठावरून खाली उतरताना याहून जास्त चालतात.

त्या सामन्याचा शेवट तुम्हालाही झोपू देत नसेल. आपण १२–१० मागे, दीड मिनिटही उरलेलं नाही. मिनेसोटाचा पंट जमिनीवर टप्पे घेत आला. आपला कूपर डीजीन कडेच्या रेषेपाशी पाय सावरत चेंडूवर गेला, उचलला, वळला, समोरच्यांना चुकवलं आणि ५४ यार्ड धावत थेट एंड झोनमध्ये. सगळं किनिक उभं. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात. मग पंचांनी चित्रफीत पाहिली आणि जाहीर केलं की चेंडू यायच्या आधी डीजीनने डावा हात हलवला होता, तो झेलाचा अवैध इशारा धरला जाईल, सबब धाव रद्द. मिनेसोटावाले विजेत्याचं कांस्याचं डुक्कर घेऊन गेले. किनिकवर त्यांचा विजय १९९९ नंतर पहिलाच, म्हणजे तुमच्या पहिल्या वर्षानंतर पहिलाच. सगळे पंचांवर तुटून पडले आणि तुमची आयती सुटका झाली. अहो, पण साठ मिनिटांच्या खेळात सगळा भरवसा एका पोराच्या डाव्या हातावर यावा, ही वेळ आणली कुणी? (त्याच डीजीनने पुढे फिलाडेल्फियाकडून सुपर बोलमध्ये चेंडू पळवून टचडाउन केलं. तिथे कुणी त्याचे हात तपासले नाहीत.)

नऊ दिवसांनी हंगामी क्रीडासंचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की ब्रायन यांचा हा शेवटचा मोसम. संघाने तेव्हा आठांतले सहा सामने जिंकले होते. सहा जिंकलेल्या संघाच्या कोऑर्डिनेटरला मोसमाच्या मध्यावरच नारळ जाहीर होतो, यातच सगळं आलं. पुढचे चारही सामने आपण जिंकले, नेब्रास्काला १३–१० असं अखेरच्या किकवर. मग बिग टेनच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून २६–०, सिट्रस बोलमध्ये टेनेसीकडून ३५–०. दोन सामने मिळून ६१–०. वर्षाची सरासरी १५.४ गुण, आणि यार्डांच्या यादीत १३३ संघांत १३३वे. आदल्या वर्षी खाली निदान एक संघ तरी होता.

त्याच वर्षी प्रशिक्षक फिल पार्कर यांच्या बचावफळीने समोरच्यांना सामन्यामागे १४.८ गुणांवर रोखलं. म्हणजे सरासरी अर्ध्या-पाऊण गुणाच्या फरकावर तुम्ही दहा सामने काढलेत! आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. दळणारे आंधळे मात्र नव्हते. ते चांगले डोळस होते, राष्ट्रीय दर्जाचे होते आणि पीठ कुठे जातंय हे त्यांना दर शनिवारी दिसत होतं. टॉरी टेलरने त्या मोसमात ९३ पंट मारून ४,४७९ यार्डांचा विक्रम केला, १९३८ पासूनचा उच्चांक मोडला, देशातल्या सर्वोत्तम पंटरचा पुरस्कार पटकावला. ‘पंटिंग इज विनिंग’ असे टी-शर्ट लोकांनी हौसेने घातले. विनोद करून दिवस काढायची वेळ आली, की माणसं असे टी-शर्ट विकत घेतात.

आणि मग काय झालं? २०२४मध्ये टिम लेस्टर नावाचे बाहेरचे गृहस्थ आले. केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड धावला, त्याने धावत २१ टचडाउन केली, आणि सामन्यामागे २५ गुणांचा तो अवघड डोंगर पहिल्याच वर्षी सर झाला. मैदान तेच, हेड कोचही तेच. म्हणजे आक्रमण या मातीत उगवतं. चिरंजीवांच्या नांगराखाली उगवत नव्हतं एवढंच. लेस्टर हे वरातीमागून आलेलं घोडं. तोवर जॅक कॅम्पबेल, डीजीन, टेलर ही पिढी व्यावसायिक एनएफएलमध्ये गेली होती. असे खेळाडू एकाच वेळी पुन्हा केव्हा मिळतील ते तुम्हीच सांगा. तुम्हाला २०२९ पर्यंत वेळ आहे.

माझा आरोप म्हणून एवढाच आहे, आणि तो मुलावर नाही, बापावर आहे. मुलगा नालायक ठरणं हा गुन्हा नाही. त्याला काम जमत नाही हे सगळ्या राज्याला दिसत असताना, ते म्हणायची हिंमत दुसऱ्याच कुणाला करावी लागली, आणि तोवर तुम्ही त्याला ‘स्थैर्य’ म्हणत राहिलात. त्या स्थैर्याची घरपट्टी पेट्रसने भरली, हिलने भरली, बचावातल्या पोरांनी भरली.

आम्ही जाणार तरी कुठे? आयोवात सर्वोच्च दर्जाच्या व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही, बेसबॉलचा नाही, बास्केटबॉलचा नाही. आहे ते हेच. आयोवा सिटीला युनेस्कोने २००८मध्ये साहित्यनगरी म्हटलं. आमचे दिलीप चित्रेही सत्तरच्या दशकात इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला येऊन राहिले होते. शोकांतिका कशी लिहावी हे शिकायला इथे जगभरातून लोक येतात. प्रात्यक्षिकासाठी त्यांना शनिवारी किनिकला पाठवावं, असं मी विद्यापीठाला सुचवणार आहे.

माझ्या मागण्या तीन. पहिली, पुढचा क्वार्टरबॅक आपल्याशी खेळलेला नसावा. एखादा घरीही वाढवून पाहा. दुसरी, चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड उरलेलं असेल, तर पंटरकडे बघू नका. तिसरी, पहिल्या क्वार्टरनंतर सगळं स्टेडियम शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळून हात हलवतं, तेव्हा वरच्या मजल्यांवरून बघणाऱ्या त्या पोरांच्या नशिबी त्याआधीच एखादं टचडाउन असू द्या. त्यांनी आणखी काय काय सोसायचं?

पुढच्या मोसमाची तिकिटं काढली आहेत. त्यावरून माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची, हे तुम्ही ठरवालच.

कळावे. लोभ चिरंजीवांवर होताच, यापुढे थोडा फॉरवर्ड पासवरही असावा, ही विनंती.

आपला,
किनिकच्या वरच्या रांगेतला एक