मुक्ततेचा दाखला

काशीतील मणिकर्णिकेला लागून असलेला शिंदे घाट 1830 च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविला, पण तो स्वतःच्याच भाराने खचला, तर त्याच्या पायथ्याचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेल्या अवस्थेतच उभे आहे; त्यामुळे पंचविशीत 'मुक्त' असलेल्या, म्हणजे घड्याळ, घरभाडे व वडील या तिन्हींना न जुमानणाऱ्या मित्रमंडळींनी पन्नाशीतील स्नेहसंमेलनासाठी हीच जागा निवडणे सर्वस्वी शास्त्रशुद्ध ठरते. अॅलन गिन्सबर्ग हा बंडखोर अमेरिकी कवी 1962-63 मध्ये याच काशीत राहिला, त्या बंडखोरीच्या परंपरेत या मंडळींनी गुडघ्याचे पट्टे, बिनसाखरेचा चहा व परतीचे आरक्षित तिकीट यांची मोलाची भर घातली असून, बंडाच्या आठवणी रात्रीच्या गोळीपूर्वी आटोपण्याची त्यांची शिस्त अनुकरणीय होय.

तथापि केवळ आठवणींवर विसंबणे प्रशासकीयदृष्ट्या अपुरे असल्याने, निवृत्तिवेतनधारक आपण जिवंत असल्याबद्दल दर नोव्हेंबरात जो हयातीचा दाखला देतात त्याच धर्तीवर, या मंडळींकडूनही राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी वार्षिक 'मुक्ततेचा दाखला' घेतला जावा, आणि त्यात मोडलेले नियम, सोडलेल्या नोकऱ्या व बुडविलेली उधारी यांचे स्वतंत्र रकाने असावेत. हे रकाने मंडळी पुरवण्या जोडून भरतील; 'हीच मुक्तता आपल्या अपत्यास देण्यास हरकत आहे काय?' या अखेरच्या रकान्यात मात्र सर्वांचे उत्तर एकमताने 'आहे' असे येईल, आणि खालची सही हुबेहूब वडिलांची असेल.