आधी केबल बघा

मोठ्या कचेरीच्या सर्व्हररूममध्ये हे गृहस्थ असतातच. बाहेर मे महिन्याचा उकाडा आणि हे आत बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसलेले. सर्व्हरवर पिवळा दिवा लागतो, रेड कंट्रोलर ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ म्हणून बोंब ठोकतो आणि साहेब धावत येतात. “डिस्क गेली ना? मग बदला की!” शिंक आली म्हणून तिरडी बांधायला घेणाऱ्याकडे बघावं, तसं हे साहेबांकडे बघतात आणि म्हणतात, “आधी केबल बघू.”

कंट्रोलरच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. “तो काय, काहीही बोलतो. डिस्कला विचारलं का कुणी?” मग स्मार्टसीटीएल चालवून, ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या नोंदवहीतून, ते थेट डिस्कचीच जबानी घेतात. पडद्यावर आकड्यांची भली मोठी माळ येते, पण त्यांची नजर ठरावीक ओळींवरच जाते. 199 ची ओळ वाढली असेल तर स्वारी खूश. “सीआरसी चुका! माल वाटेत सांडतोय. केबल, नाहीतर बॅकप्लेन. डिस्क बिचारी निर्दोष.” पण 5 आणि 197 वाढले असतील तर चेहरा उतरतो. 5 म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर आणि 197 म्हणजे धड वाचता न येणारे, निकालाविना ताटकळलेले. मग ते आवाज खाली आणून विचारतात, “शेवटचा बॅकअप कधीचा?” या प्रश्नाला कचेरीत आजवर कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही.

साहेब तेवढ्यात पडद्यावरचा स्मार्टचा ‘पास्ड’ हा शेरा दाखवतात. झालं! गूगलच्या अभियंत्यांनी 2007 साली लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला, ती यांची पोथी. तापमान सोडलं तर मेलेल्या डिस्कांपैकी 36 टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टला कसलाच सुगावा लागू दिला नव्हता, हा अध्याय साहेबांना उभ्याउभ्या ऐकावा लागतो.

खरं सांगायचं तर एवढं सगळं करून बहुतेक वेळा डिस्कच गेलेली निघते. साहेबांचं पहिलंच वाक्य बरोबर ठरतं आणि याचं श्रेय मात्र हे त्यांना कधीही देत नाहीत.

त्यांची खरी किंमत कळते ती डिस्क काढताना. कंट्रोलर स्लॉट शून्यापासून मोजतो, माणूस एकापासून. ‘स्लॉट 3’ म्हणजे चौथी डिस्क, हे विसरून उत्साही पोरगा तिसरी ओढतो. रेड 5 एकाच डिस्कचं मरण सोसतं. आधीच एक गेलेली असताना दुसरी चांगली ओढली की अख्खा संच आडवा. म्हणून हे आधी कमांड देऊन त्या डिस्कचा दिवा लुकलुकवतात, पोराला समोर उभं करतात आणि तीनतीनदा विचारतात, “हीच ना रे?” शेवटी लेबलावरचा सिरियल नंबर स्वतः चष्मा वर करून वाचतात.

नवी डिस्क बसली की रिबिल्ड सुरू. आता उरलेल्या सगळ्या डिस्का शेवटापर्यंत वाचल्या जाणार आणि दुसरीतले गुपचूप पडलेले खराब सेक्टर नेमके आत्ताच उजेडात यायची भीती. गृहस्थ रात्रभर घरी जात नाहीत. ‘37 टक्के’, ‘38 टक्के’ असे निरोप साहेबांच्या व्हॉट्सॲपवर जात राहतात.

तुमच्या कचेरीत असं कुणी असेल तर त्याला चहा पाजा, त्याचा गूगलवाला अध्यायही ऐकून घ्या. फक्त तो स्लॉट मोजत असताना त्याच्याशी बोलू नका.