विश्वासाची पडताळणी

पुण्यातल्या सुजाण श्वानपालकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. आठवडाभर घरी राहून कुत्रा सांभाळणाऱ्या मुलीकडून एका गृहस्थांनी आधार कार्ड, पोलीस पडताळणीचा दाखला आणि दोन प्रतिष्ठितांच्या ओळखी घेतल्या. हॉलमध्ये कॅमेरा होताच. दुसरा फ्रिजकडे वळवला. सोफा कुत्र्याचा, चटई तिची, ही हद्दही लेखी ठरली. (हापूसची पेटी मोजून, सीलबंद.) खरं तर तिच्यावर नजर ठेवायला आणखी एक माणूस नेमायला हवा, आणि त्याच्यावर कुत्रा. सही करण्याआधी मुलीनं एवढंच विचारलं, "कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवाल का?" गृहस्थ दुखावले. म्हणाले, "अगं, माणसानं माणसावर काही विश्वास ठेवायचा की नाही?"