डावा, उजवा आणि आपण

भोर-वेल्ह्याला दोन नावांची भारी हौस. तोरणा तोच प्रचंडगड. लॉइड धरण तेच भाटघर, त्याचा जलाशय येसाजी कंकांचा. वेल्हे तालुका आता राजगड झाला; पाटी बदलली, घाटातले खड्डे जुन्या नावावरच राहिले.

पाण्याच्याही दोन बाजू. भाटघरचं २३.५ टीएमसी पाणी नीरेतून वीर धरणात उतरतं. तिथून डावा कालवा बारामती-इंदापूरला, उजवा फलटण-माळशिरसला. डाव्या-उजव्यांत हक्कावरून भांडणं होतात, म्हणजे वाटा तरी असणार. धरणाच्या वरच्या अंगाच्या आमच्या वाड्या ना डाव्या, ना उजव्या. त्यांनी पावसाळ्यात इरलं घ्यायचं आणि मे महिन्यात हंडा. ही आमची जोडी; तिला अजून कुणी दुसरं नाव सुचवलेलं नाही.